आणखी एक किम

मी एक सर्व्हर बोलतोय. उल्सानच्या बंदराला लागून एका भंगारवाल्याचं अंगण आहे. तिथे दोन वॉशिंग मशीन आणि दार नसलेला एक फ्रीज यांच्यामधे मी आडवा पडलोय. माझ्या डिस्क केव्हाच काढून नेल्या. मग तुला आठवतं कसं, असं विचाराल. ते माझं मलाही कळत नाही, पण आठवतं खरं.

खाडीपलीकडे अजून जहाजं बांधतात. ठोकाठोकीचा आवाज इथवर येतो. त्याच कारखान्यात मी नोकरीला होतो. नोकरीच म्हणतो मी. पगार नव्हता, पण साहेबांच्या शिव्या नियमानं मिळायच्या.

माझं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यात वीस हजार माणसं. कोण कुठल्या विभागात, हुद्दा काय, फोन कुठला, कुठल्या फाटकातून आत सोडायचं, सगळं माझ्यापाशी. याला डिरेक्टरी म्हणतात. फाटकावर कार्ड टेकवलं की फाटक मला विचारायचं, हा आपला का? मी हो म्हटलं की ते उघडायचं. फोन लावायचा, रजा टाकायची, निरोप धाडायचा, काहीही असो, आधी मला विचारा. इतका मान फार थोड्यांना मिळतो आणि मी तो चांगला मिरवला.

आलो तेव्हा मात्र मी असा नव्हतो. परदेशातून लाकडी खोक्यात बसून आलो. अंगात युनिक्स नावाचं सॉफ्टवेअर घातलेलं होतं, पण दुकानातून आणलेल्या शर्टासारखं, धड कुणाच्याच मापाचं नाही. येईल त्याला दार उघडायचं, मागेल त्याला छापून द्यायचं, कुणी हाक मारली की ओ द्यायची, असा माझा भाबडा कारभार. समोरचा बोलून निघून गेला तरी मी चार मिनिटं रिसीव्हर कानाला धरून बसायचो. आणि एकदम हजारभर माणसं समोर आली की त्यापुढच्यांकडे बघायचोच नाही. असल्या यंत्रावर वीस हजारांची डिरेक्टरी चढवली असती तर पहिल्याच सकाळी मी अंग टाकलं असतं.

मला मापात आणलं किम हाकप्योनं.

हाकप्यो कंपनीचा माणूस नव्हता. कंपनीनं माझं काम एका मोठ्या फर्मला दिलं होतं, तिनं ते धाकटीला दिलं, धाकटीनं तिच्याहून धाकटीला, आणि त्या शेवटच्या फर्ममधे मालक धरून जी चार डोकी होती त्यातलं एक हाकप्यो. चाळिशी उलटलेला, केस विरळ, गळ्यात नारिंगी दोरीला अडकवलेलं पाहुण्याचं कार्ड. कायम नोकरांची दोरी निळी. कॅन्टीनमधे निळे आधी जेवायचे. नारिंग्यांची पाळी येईपर्यंत रश्शातली डुकराची फोड संपलेली असायची, नुसतं पांढरं पाणी आणि भात.

मला तो आवडायचा. आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही मला दगड म्हणाल.

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचा आणि माझ्या एकेका वाईट सवयीला हात घालायचा. नको ती दारं त्यानं बंद केली. छपाई, टपाल, फालतू ओ देणं, सगळं बंद. एका वेळी कितीजणांना समोर घ्यायचं त्याची मर्यादा वाढवली. रिसीव्हर धरून बसायची खोड मोडली. नोंदींची वही एका डिस्कवर आणि माणसं दुसऱ्या डिस्कवर ठेवली, म्हणजे लिहिताना वाचायचं अडायला नको. ज्यांची नावं सारखी विचारतात त्यांना मेमरीत, अगदी जिभेवर आणून ठेवलं. सर्व्हरची तयारी तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो चालवला की माझ्या तक्रारींची रांग लागायची.

"किती रे किरकिर तुझी," तो म्हणायचा. "माझ्या होणाऱ्या सासऱ्याचा भाऊ शोभशील."

या सासऱ्याची गोष्ट अशी. औषधाच्या दुकानात काम करणारी मिजोंग नावाची बाई, वय तिचंही सरत आलेलं, हाकप्योशी लग्न करायला तयार होती. तिच्या बापाची सगळी हयात याच कारखान्यात जहाजं जोडण्यात गेली होती. म्हाताऱ्याच्या लेखी जगात दोन जाती, कारखान्यातले आणि बाकीचे. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचा आवाज फार, म्हणून हाकप्यो फोन मोठ्यानं लावून टेबलावर ठेवायचा. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"काय म्हणाले बाबा?"

"तेच. म्हणाले, कारखान्यात आहे म्हणतेस ना, मग सोकला सांगून कंप्युटरवर नाव बघतो." सोक म्हणजे बापाच्या हाताखाली शिकून फोरमन झालेला माणूस.

"मग?"

"मग काय! सोककाकांनी बघितलं. नाही सापडलं. बाबा म्हणाले, वीस हजारांत ज्याचं नाव नाही त्याला माझी मुलगी देऊ होय?"

"अगं, पण नाव शोधणारं नवं मशीनच मी तयार करतोय!"

"ते तू सांग त्यांना. मी सांगून दमले."

म्हणजे हाकप्योचं सगळं घोडं एका गोष्टीवर अडलं होतं, त्याचं नाव माझ्यात असलं पाहिजे. आणि ते घालायचं की नाही हे मेंग ठरवणार होता.

मेंग आमच्या विभागाचा मॅनेजर. हाकप्योपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण बोलणं अरे-तुरेचं. आमच्याकडे वयानं मोठ्याला असं बोलणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारणं. मेंग ते हसत हसत करायचा, आणि चारचौघं असतील तेव्हा जरा जास्तच.

"ए किम," तो म्हणाला, "उद्घाटन नीट पार पाड. अध्यक्ष येणार आहेत. सगळं सुरळीत झालं तर तुला कायम करून टाकतो. निळी दोरी. मग सासऱ्याला दाखव मिरवून."

हाकप्यो कमरेत वाकला. त्या दिवशी त्यानं माझ्या पाठीवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली.

आता माझ्या एका स्वभावाबद्दल सांगतो, कारण घात तिथेच झाला. लवकर सापडावं म्हणून मी प्रत्येक आडनावाचा वेगळा गठ्ठा बांधून ठेवतो. पण एका गठ्ठ्यात चार हजारांच्या वर नावं झाली की मी तो गठ्ठा सोडून देतो. एवढा मोठा गठ्ठा सांभाळण्यापेक्षा सगळा ढीग चाळलेला बरा, असा त्यामागचा विचार. ज्यांनी मला घडवलं त्यांच्या देशात एका कारखान्यात एकाच आडनावाची चार हजार माणसं कोण कशाला ठेवील? आमच्याकडे मात्र दर पाचवा माणूस किम. वर पुन्हा मोठ्या माणसाचं पाळण्यातलं नाव घेणं हा उद्धटपणा, त्यामुळे लोक मलासुद्धा नावानं विचारत नसत. किम मॅनेजर, रंगकाम. किम फोरमन, तिसरी गोदी. सगळा कारखाना दिवसभर किम, किम करत माझ्या दारात.

हाकप्योला हे माणसं भरण्याआधीच दिसलं. तो मेंगकडे गेला नाही, मेंगच खोलीत कॉफीचा कागदी पेला घेऊन आला होता.

"मॅनेजर साहेब, ही चार हजारांची मर्यादा आत्ताच वाढवू या. एकदा माणसं भरली की मग सगळं उपसून नव्यानं भरावं लागेल. एक दिवस कारखाना बंद."

"किती आहेत किम?"

"चार हजारांच्या थोडे आत."

"आत आहेत ना? मग रडतोस कशाला?"

"वाढतात साहेब."

"म्हणजे आता मी किम लोकांना सांगू, पोरं काढू नका?" मेंग स्वतःच्याच विनोदावर हसला. मग पेला माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाला, "हे बघ, कंपनीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय तोच राहणार. तो बदलायचा तर तिन्ही फर्मच्या सह्या आणायला लागतील. त्यात काही बिघडलं तर मी काय सांगू? एका किमला वाटलं म्हणून बदललं?"

मेंग आडनावाची माणसं आख्ख्या कारखान्यात बोटांवर मोजण्याएवढी. त्याला या मर्यादेचं काय सोयरसुतक!

"बरं साहेब," हाकप्यो म्हणाला. निळी दोरी डोळ्यांपुढे असली की माणूस बरं म्हणतोच. माझ्या डोक्यावर पेल्याचं गोल ओलं वळं राहिलं होतं, ते त्यानं पुसलं.

उद्घाटन झोकात झालं. नव्या यंत्राची पूजा आमच्याकडे डुकराच्या मुंडक्यानं होते. मुंडकं हसरं निवडून आणतात. माझ्यासमोर टेबल मांडलं, त्यावर उकडलेलं हसरं मुंडकं, फळं, उदबत्त्या आणि तांदळाची दारू. अध्यक्षांनी मुंडक्याच्या तोंडात नोट खोचली, जमिनीला कपाळ लावलं, मग हुद्द्याप्रमाणे बाकीच्यांनी. हाकप्योला त्या ओळीत जागा नव्हती. मेंगनं त्याला स्टुलावर उभं केलं होतं आणि हातात पुठ्ठा दिला होता. उदबत्तीच्या धुरानं छतावरची आगीची घंटा वाजू नये म्हणून तो सबंध पूजाभर पुठ्ठ्यानं वारा घालत होता. ज्यानं मला उभं केलं तो वर, आणि ज्यांना माझी पाठ कुठली नि पोट कुठलं हे ठाऊक नाही ते खाली, मला साष्टांग नमस्कार घालतायत. मला हसू आवरेना. डुक्कर तर आधीपासूनच हसत होतं.

पुढचे महिने माझे वैभवाचे. विचारायच्या आत उत्तर. माझं उत्तर चुकत नाही, असा लौकिक झाला. माणूस समोर उभा असला तरी फोरमन त्याचं ऐकायच्या आधी मला विचारायचा. मेंगला बक्षीस मिळालं, शाबासकीचं पत्र मिळालं. हाकप्योला रोज सकाळी फाटकावर नवं पाहुण्याचं कार्ड मिळायचं.

"साहेब, ते माझं..."

"होईल रे. घाई काय आहे? एवढी वर्षं बिनलग्नाचा राहिलास."

"आणि किम वाढतायत साहेब. एक दिवस दिलात तर सगळं नव्यानं बांधून घेतो."

"सोल्लालच्या सुट्टीत बांध," मेंग म्हणाला. सोल्लाल म्हणजे आमचं नवं वर्ष, सगळा कारखाना तेव्हा चार दिवस बंद.

सुट्टी आठवड्यावर आली आणि एका संध्याकाळी मेंगनं हाकप्योला कायम करायच्या कागदावर खरंच सही केली. त्याला हाकप्योची दया आली असं समजू नका. हाकप्योची ती चार डोक्यांची फर्म बुडायला आली होती, आणि हाकप्यो गेला असता तर मला सांभाळणारं कुणी उरलं नसतं.

मिजोंगचा आवाज फोनमधून खोलीभर झाला. "बाबा म्हणाले, सोल्लालला नमस्कार करायला ये म्हणावं! फक्त आधी सोककाका उद्या सकाळी बघणार आहेत. नाव दिसेल ना रे?"

"दिसेल म्हणजे काय! मीच तर बसवलाय तो सर्व्हर."

माणसांची नावं घालायचं काम कार्यालयातल्या तक बाईंकडे होतं. त्या पर्स खांद्याला लावूनच आल्या.

"या, किम. बस चुकवू नका माझी. नाव घालते आणि पळते."

"एक मिनिट थांबा, तक बाई." हाकप्योनं मला विचारलं, किम किती? मी सांगितलं. चार हजार, पुरे चार हजार. नवी भरती झाली होती त्यातही किम होतेच.

त्याचा चेहरा उतरला. "बाई, गेल्या महिन्यात निवृत्त झालेले किम अजून यात आहेत. त्यातले एकदोन आधी काढा ना."

"काढायला साहेबांची सही लागते. घालायची सही झालीय, काढायची नाही. साहेब जेवायला गेले, आता उद्याच."

"मग माझं नाव सुट्टीनंतर..."

"अहो, घालू की नको? आख्ख्या जगात लोक नोकरीसाठी रडतात, आणि तुम्ही थांबा म्हणताय! आडनाव नाही ना बदलायचं?"

तो टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. मर्यादा त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? पुढचं पाऊल खड्ड्यात आहे हे त्याला दिसत होतं. पण त्या बाजूला सासऱ्याचं घर होतं, आणि थांबा म्हणायला त्याच्यात बळ उरलं नव्हतं. मी असतो तर मीही थांबलो नसतो.

"घाला," तो म्हणाला.

तक बाईंनी घातलं, आणि मी किमांचा गठ्ठा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाकप्यो निळी दोरी गळ्यात घालून पहिल्यांदा कायम नोकरांच्या रांगेत उभा होता. मागे-पुढे हजारो मोटारसायकली. त्याच वेळी आत फोरमन मंडळी हजेरीसाठी किम, किम, किम असं विचारू लागली. गठ्ठा नाही, तेव्हा दर प्रश्नाला मी वीस हजार माणसं चाळू लागलो. चार हजार किम जिभेवर मावत होते, आख्खा कारखाना मावत नव्हता. मग पळा डिस्कवर, आणा, ठेवा, परत पळा. माझे सगळे हात तिथे गुंतले आणि फाटकं विचारत राहिली, हा आपला का? हा आपला का? मी कुणालाच उत्तर देऊ शकलो नाही. फाटकं बंदच राहिली. भोंगा झाला, समुद्रावरचा बर्फासारखा वारा सुटला होता, आणि बाहेर माणसं मला आईबहिणीवरून शिव्या देत उभी होती.

सोकचा प्रश्नही त्या गर्दीत आला होता. किम, हाकप्यो. नाव माझ्यापाशी होतं! पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आत प्रश्नाची वेळ संपली, आणि सोकच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही.

हाकप्यो रखवालदाराच्या पाया पडून कसाबसा आत आला. कारखान्याचे प्रमुख खोलीत उभेच होते. मेंगनं त्याला दारातच गाठून हळूच सांगितलं, "तू तोंड उघडू नकोस. मी बोलतो. मी सांभाळून घेतो, तुझी नोकरी जाणार नाही."

मग तो प्रमुखांकडे वळला. "साहेब, बाहेरून आलेला माणूस. मर्यादा न बघता बसवलाय सर्व्हर. मी विश्वास ठेवला, ही माझी चूक."

हाकप्यो कंबर मोडेल इतका वाकून उभा राहिला. एवढा राग मला कधी आला नव्हता. पण राग बोलून दाखवायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही. मी पंखे फिरवत राहिलो.

प्रमुख गेल्यावर मेंगनं खुर्ची पुढे सरकवली. "बस. काढ."

"काय साहेब?"

"तुझं नाव. शेवटचं तेच घातलं ना? काढलं की किम परत चार हजारांच्या आत. हिशेब सरळ आहे."

"साहेब, तसं होत नाही. एकदा गठ्ठा सुटला की नाव काढून तो परत बांधला जात नाही. सगळं नव्यानंच..."

"आधी काढ, मग अक्कल शिकव."

"साहेब, फक्त सुट्टीपर्यंत राहू द्या. त्यानं काही बिघडत नाही, आईशप्पथ. सुट्टीत मी एकटा बसून सगळं नीट करून देतो. मग पाहिजे तर काढा."

"सुट्टीत दुसरी फर्म येतेय. प्रमुखांना नाव पाहिजे कुणाचं तरी. माझं देऊ?" मेंगनं हात पुढे केला. "आणि ती दोरी इकडे दे."

तक बाई अजून फाटकाबाहेरच अडकल्या होत्या आणि सर्व्हरचा पासवर्ड हाकप्योच्याच डोक्यात होता, म्हणून ते काम त्यालाच करावं लागलं. स्वतःचं नाव त्यानं स्वतःच्या बोटांनी टाईप केलं. नक्की काढायचं का, असं मी विचारत नाही. उगाच प्रश्न करून वेळ घालवायचा नाही, हे त्यानंच मला शिकवलं होतं. झालं, एवढंच मी म्हणालो.

माझा वेग तसूभरही वाढला नाही. मेंगनं पडद्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि दोरी खिशात घालून निघून गेला. मग हाकप्यो उठला, आणि सवयीनं माझं दार नीट बंद करून गेला.

सुट्टीत दुसरी फर्म आली, तिनं मर्यादा वाढवली, आणि त्यानंतरही मी बरीच वर्षं चांगलं काम केलं. मग नवं यंत्र आलं, नवं डुक्कर आलं, मला इथे आणून टाकलं. उद्या-परवा वितळवतील. माझं काही म्हणणं नाही. मागणं एकच आहे. कुठलंही मशीन ‘असा कोणी नाही’ म्हणालं, तर एकदा त्या माणसाच्या घरी जाऊन बघा. तुम्ही जाणार नाही हे मला माहीत आहे. सोकही गेला नाही.

नाव काढलं त्याच दुपारी जेवणानंतर सोकनं पुन्हा विचारलं होतं. किम, हाकप्यो. गर्दी ओसरली होती. मी वीस हजार माणसं एकेक करून चाळली, एकही सोडला नाही, आणि चोख उत्तर दिलं, असा कोणी नाही. सोकनं त्यानंतर एकदाही विचारलं नाही. माझं उत्तर आलं की कुणी पुन्हा विचारत नसे, इतकं नाव हाकप्योनं मला मिळवून दिलं होतं.